कोरियातला ‘तह’ आणि दोन ‘युद्धबंदी’

प्रश्न असा आहे: ‘१९५३ च्या कोरियन तहानंतर युद्धबंदी परतले’ हे वाक्य बरोबर आहे का? तह, युद्धबंदी, शस्त्रसंधी हे सगळं एकच ना?

एकच नाही. या वाक्यात ‘तह’ तर चुकीचाच आहे. तह झाला म्हणजे मुलूख, किल्ले, खंडणी यांच्या अटी ठरून भांडण मिटलं. पुरंदरचा (१६६५) किंवा सालबाईचा (१७८२) तो तह. कोरियातल्या पानमुनजोम गावी २७ जुलै १९५३ रोजी सह्या झाल्या त्या शस्त्रसंधीच्या करारावर. तो लढाई थांबवण्यापुरता सेनापतींचा करार होता. राजकीय प्रश्न पुढच्या परिषदेवर सोडला होता. १९५४ च्या जिनिव्हा परिषदेत तो सुटला नाही आणि कोरियाचा तह आजही झालेला नाही. दक्षिण कोरियाने तर शस्त्रसंधीवरही सही केली नाही. ‘युद्धतहकुबी’ हा शब्दही इथे चालेल. तह आणि तहकुबी दिसायला जवळचे, पण तहकुबीत काहीच मिटत नाही, फक्त थांबतं.

आता ‘युद्धबंदी’. ती युद्धबंदी म्हणजे लढाई थांबवणं, दारूबंदीसारखी. तो युद्धबंदी म्हणजे पकडलेला सैनिक. विभक्ती लागली की फरक कळतो: युद्धबंदीचा करार, पण युद्धबंद्याचा जबाब. मथळ्यात विभक्ती नसते, म्हणून तिथे घोटाळा होतो. ‘युद्धबंदी रखडली’ वाचून अडत नाही, पण ‘युद्धबंदी: आज चर्चा’, ‘युद्धबंदी प्रश्न कायम’ इथे वाचक अडखळतो. माझं स्पष्ट मत आहे, माणसासाठी ‘युद्धकैदी’च लिहावं.

कोरियाबद्दल लिहिताना तर ही काळजी घ्यायलाच हवी, कारण तिथे युद्धबंदी अडली ती युद्धकैद्यांवरूनच. बोलणी जुलै १९५१ मध्ये केसाँगला सुरू झाली. सीमारेषेचं कलम त्याच नोव्हेंबरात जुळलं. पण मायदेशी जायला नकार देणाऱ्या कैद्यांना बळजबरीने पाठवायचं की नाही, यावर जून १९५३ उजाडला. असे २२ हजारांहून जास्त कैदी शेवटी भारतीय फौजेच्या ताब्यात आले. त्या फौजेचे प्रमुख होते मेजर जनरल एस. पी. पी. थोरात.

क्रियापदंही सांभाळा. तह ‘होतो’ किंवा ‘मोडतो’. युद्धबंदी ‘लागू होते’. पानमुनजोमला सह्या सकाळी दहाला झाल्या, तोफा थांबायच्या होत्या रात्री दहाला. मधल्या बारा तासांत करार झालेला होता, युद्धबंदी लागू झालेली नव्हती. आणि ‘वाटाघाटी’ नेहमी अनेकवचनी: वाटाघाटी फिसकटल्या, ‘फिसकटली’ नव्हे.