तारीख नाही, पाणी बघून निघा

प्रश्न : काका, मी गोंडपिपरी तालुक्यात शिक्षक आहे. आम्ही चार मित्रांनी वर्गणी काढून हवा भरायच्या दोन कयाक घेतल्या. गावतलावात वल्हवून हात बसला. आता २६ जानेवारीला आष्टीच्या पुलाखाली वैनगंगेत उतरायचं, चपराळ्याच्या संगमापर्यंत जायचं आणि रात्री घरी जेवायला, असा बेत आहे. मॅपवर दहा किलोमीटर दिसतं. आमच्यातल्या एकाला पोहता येत नाही. सोबत काय काय घ्यावं?

उत्तर : गुरुजी, सोबत काय घ्यायचं ते मागून बघू. मला आधी खटकली ती तुमची तारीख. २६ जानेवारीला शाळेला सुट्टी असते, नदीला त्याचं काय? आष्टीच्या वर, चामोर्शीच्या बाजूला चिचडोहचा बॅरेज म्हणजे बंधारा आहे, ३८ दरवाज्यांचा. पावसाळा सरला की हे दरवाजे बंद करतात. पाणी वर अडतं आणि खालचं पात्र उतरत जातं. जानेवारीच्या शेवटी तुम्ही कयाकमध्ये बसण्यापेक्षा कयाक ओढतच जास्त न्याल, आणि हवेच्या कयाकचं बूड खडकावर घासलं की पंक्चर आलंच. मी आयुष्यभर सिंचनाची नोकरी केली. मला विचाराल तर कापणी आटोपली की लगेच, नोव्हेंबरचा शेवट ते डिसेंबरचा मध्य. तोही पाणी पाहूनच.

पाणी पाहायचं कसं? आदल्या रविवारी मोटरसायकल काढा आणि आष्टीच्या पुलावर या. खांबांवर पुराच्या ओल्या-सुक्या रेघा दिसतील, आज पाणी कुठे टेकलंय ते फोटो काढून ठेवा. मग खाली घाटावर जा. ढिवरांचे, म्हणजे मासेमारांचे, डोंगे (छोट्या नावा) लागलेले असतात. तिथे "पाणी किती आहे?" असं विचारू नका, "लई आहे जी" एवढंच उत्तर मिळेल. विचारायचं ते "डोंगा कुठे टेकते?" आणि "जाळे कुठे लावले?" या दोन प्रश्नांवर म्हातारा माणूस बिडी विझवून रेतीवर बोटाने अख्खी नदी काढून दाखवतो. कोणत्या बेटाच्या कोणत्या अंगाने धार वाहते, खडक कुठे वर आलेत, डोह कुठे आहे, सगळं. त्याला चहा पाजा आणि जमलं तर त्या दिवसाची मजुरी देऊन त्यालाच डोंग्यासह पुढे घाला. जाळ्याचं विचारायचं कारण असं की नायलॉनचं बारीक जाळं पाण्यात दिसत नाही. वल्हं त्यात गुंतलं की माणूस झटका मारतो, आणि झटक्यानेच कयाक उलटते. शिवाय ते कोणाचं तरी पोट असतं.

निघायच्या दिवशी सकाळी आणखी एक काम. पाण्याच्या काठाला लागून रेतीत काडी रोवा, कयाकमध्ये हवा भरा, चहा घ्या, मग काडी पाहा. पाणी काडीवर चढलं असेल, किंवा धारेत फेस, पालापाचोळा आणि गढूळपणा दिसला, तर वरून पाणी सुटलंय. त्या दिवशी घाटावरच डबा खायचा आणि परत. वर भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ गोसेखुर्दचं ३३ दरवाज्यांचं धरण आहे. तिथला विसर्ग पेपरात क्युमेकमध्ये छापून येतो. एक क्युमेक म्हणजे सेकंदाला एक हजार लिटर. तो आकडा आठवडाभर रोज लिहून ठेवा. आकड्यापेक्षा तो वाढतोय की उतरतोय हे महत्त्वाचं.

आता बेत उलटा आखा, म्हणजे उतरायच्या जागेपासून. चपराळ्याला वैनगंगेत उजवीकडून वर्धा येऊन मिळते आणि पुढे नदीचं नाव प्राणहिता होतं. संगमावर दोन धारा एकमेकींना ढकलतात, पाणी फिरतं, आणि दमलेल्या हाताला कयाक काठाकडे वळवणं जड जातं. जागा चुकली तर पुढे उजवा काठ तेलंगणाचा, डावा जंगलाचा आणि तुमची गाडी मागे. म्हणून संगमाच्या बऱ्याच आधीपासून डावा काठ धरून चाला. आदल्या फेरीत चपराळ्याच्या देवस्थानाच्या घाटावर उभं राहून पाण्याकडे नाही, पाण्यातून काय दिसेल त्याकडे बघा. शिखर, एखादं मोठं झाड, काहीतरी खूण पक्की करा. एक मोटरसायकल तिथे ठेवा.

डावा काठ म्हणजे चपराळा अभयारण्य, १९८६ साली जाहीर झालेलं, जवळपास १३५ चौरस किलोमीटरचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय पाय ठेवता येत नाही. "आम्ही नदीतून आलो" ही सबब चालत नाही. वन विभागाला आधी अर्ज द्या, मार्ग आणि उतरायची जागा लिहून द्या, आणि ते नाही म्हणाले तर नाही. आष्टी पोलीस ठाण्यातही चौघांची नावं नि परतायची वेळ कळवा. गडचिरोलीत नदीत अनोळखी माणसं दिसली की चौकशी होतेच, त्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं. जेवायला थांबायचं तर मोकळ्या रेतीच्या बेटावर थांबा. काठच्या झाडोऱ्यात "जरा आडोशाला" म्हणून एकट्याने जाऊ नका, या पट्ट्यात वाघ आहे.

तुमचे दहा किलोमीटर रस्त्याचे की नदीचे? मॅपवर अंतर मोजायची सोय असते, पात्राच्या मधोमध बोटाने टिंबं देत वळणावळणाने मोजा. संथ पाण्यात नवखा माणूस तासाला तीन किलोमीटर धरा. उथळावर ओढाओढ, डबा, फोटो आणि सारखं सारखं "थांब रे" हे सगळं धरून येईल त्या वेळेची दुप्पट करा. थंडीत पात्रावर धुकं बसतं, ते उठल्याशिवाय निघू नका. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य बुडतो, म्हणून तीनला तुम्ही काठावर हवे. हिशेब तीनच्या पुढे जात असेल तर टप्पा छोटा करा.

न पोहणारा मित्र : त्याला आधी गावतलावात लाइफ जॅकेट घालून पाण्यात पाडा. कयाक मुद्दाम उलटवा. तोंड वर ठेवून तो पाच मिनिटं शांत तरंगला आणि दुसऱ्याच्या मदतीने परत कयाकमध्ये चढला, तर न्या. घाबरून कयाकला मिठी मारत असेल तर चपराळ्याची मोटरसायकल त्याच्याकडे द्या. तेही मोठं काम आहे, त्यात कमीपणा नाही.

सोबत : माणशी तीन लिटर पाणी, पंक्चरचा डबा आणि पंप, दोरी, शिटी, टोपी, सुके कपडे. महागडी पिशवी नको, युरियाच्या पोत्याची आतली प्लास्टिकची पिशवी धुऊन दोन पदरी बांधा, मोबाइल कोरडा राहतो. रेंजचा भरवसा धरू नका.

प्रश्न : माझा मुलगा वडसा पुलाजवळ मित्रांसोबत बोट चालवायला जातो. जॅकेट घाल म्हटलं तर म्हणतो, गुडघाभर तर पाणी आहे. एक वाचक, देसाईगंज

उत्तर : ताई, गुडघाभर पाण्याच्या पुढच्या पावलाला रेती उपसलेला खड्डा असतो आणि तो वरून दिसत नाही. खड्ड्याच्या कडेची रेती पायाखालून सरकते, तिथे पोहणाराही गडबडतो. २३ जानेवारी २०२४ ला चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ मिरची तोडायला निघालेल्या बायकांचा डोंगा याच वैनगंगेत उलटला, तेव्हा काही पूर नव्हता. मुलाला हे सांगा. जॅकेट घेताना आतली पट्टी वाचा. त्यावर तरंगवायचा जोर न्यूटनमध्ये लिहिलेला असतो. ५० न्यूटनचं पोहता येणाऱ्यासाठी, पोहता येत नसेल तर १०० किंवा जास्त. दुकानातच घालून, पट्टे आवळून, खांद्याला धरून वर ओढा. कानापर्यंत सरकलं तर ते त्याच्या मापाचं नाही. आणि घालायचं म्हणजे घालायचं, बुडाखाली टाकून त्यावर बसायचं नाही.

प्रश्न : ऑगस्टमध्ये नदी भरलेली असते, धारही जोरात. तेव्हा कमी वेळात जास्त अंतर होईल ना? कॉलेज विद्यार्थी, नागपूर

उत्तर : होईल. उतरता मात्र येणार नाही. भरल्या पात्रात काठ राहत नाही, झुडपं पाण्यात असतात आणि कयाक त्यांत शिरून अडकते. ऑगस्ट २०२० च्या शेवटी मध्य प्रदेशातल्या संजय सरोवर धरणाचं पाणी सुटलं आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत वैनगंगाकाठची गावं पाण्यात गेली. वरच्या राज्यातला पाऊस तुमच्या आभाळात दिसत नाही. तोवर तलावात उलटून परत चढायचा सराव करा आणि नोव्हेंबरात मला पुन्हा लिहा. पुलाच्या खांबाचा फोटो सोबत जोडा.