सहा जण, तीन रात्री, कनू आणि जंगल: रोज किती किलोमीटर धरावेत?

"रोज किती किलोमीटर" हा प्रश्नच अर्धा आहे. पाण्यावरचे किती आणि खांद्यावरचे किती, असं विचारायला हवं. तुम्ही लिहिलंय की सहा जण आहात, तीन कनू (वल्ह्यांनी चालवायच्या अरुंद, उघड्या होड्या) आहेत, तीन रात्री तलावांच्या प्रदेशात राहायचंय, वल्हवायची सवय फक्त दोघांना आहे आणि ५० किलोमीटरचा गोल मार्ग नकाशावर आखूनही झालाय. तो कोणी आखला तेही लिहिलंय: त्या सवय असलेल्या दोघांनी. हे वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून उत्तर लिहायला बसले.

आधी थेट सांगते. पहिल्या दिवशी पाण्यावरचे ८ किलोमीटर, फार तर १०. पोर्टेज, म्हणजे एका तलावातून दुसऱ्यात जाताना कनू आणि सामान खांद्यावरून न्यायच्या वाटा, सगळे मिळून १ किलोमीटरच्या आत. दुसऱ्या दिवशी तंबू हलवायचा नाही, रिकाम्या कनू घेऊन आसपास भटकायचं. गोल मार्ग नको, गेलात तसेच परत या. तीन रात्रींत ५० किलोमीटर होतात, नाही असं नाही. पण ज्यांना होतात ते असले प्रश्न विचारत नाहीत.

आता कारण. आमच्या घरात एक वाद अजून मिटलेला नाही. माझे धाकटे दीर उत्साही माणूस, तब्येतीने दणकट, नकाशांचं वेड. त्यांनी अशीच एक गोल ट्रिप आखली होती. पहिल्या कनूत ते आणि माझा नवरा, म्हणजे आमच्यातले सगळ्यात तगडे दोघे. दुसऱ्या कनूत जाऊबाई आणि मी. तिसऱ्यात भाऊजींचा एक मित्र आणि आमचा कॉलेजातला भाचा. पुढची कनू वाट शोधणार म्हणून नकाशा त्यांच्याकडे. तंबूही त्यांच्याकडे, कारण ते आधी पोचून उभारून ठेवणार होते. खाण्याचं आणि स्वयंपाकाचं सगळं सामान आमच्या कनूत. हे कोणी ठरवलं नव्हतं, ते आपोआप आमच्याकडेच आलं. कसं ते बायकांना सांगायला नको. माणशी दिवसाला पाऊण किलो कोरडा शिधा धरा, त्याला सहा जणांनी आणि दिवसांनी गुणा, वर भांडी आणि स्टोव्ह. पहिल्या दिवशी अख्ख्या ट्रिपमधलं सगळ्यात जड ओझं हेच असतं.

नकाशावर त्या दिवसाचं पाणी ११ किलोमीटर होतं आणि पोर्टेज सगळे मिळून ३. भाऊजींनी बेरीज केली, १४. "वहिनी, चार तासांचं काम आहे. दुपारचं जेवण मुक्कामावर."

ही बेरीज चुकीची आहे, आणि तुमच्या ५० किलोमीटरमध्येही बहुधा तीच आहे. पोर्टेजला नवख्या माणसांचं सगळं सामान एका फेरीत जात नाही. आधी पिशव्या पोचवायच्या, रिकाम्या हाती परत यायचं, मग कनू डोक्यावर घेऊन पुन्हा जायचं. म्हणजे नकाशावरच्या १ किलोमीटरला पायाखालचे ३. आणखी एक फेरी लागली तर ५. आमच्या ३ किलोमीटरचे ९ झाले, त्यातले ६ ओझ्यासकट, मुळं, निसरडे दगड आणि घोटाभर चिखल यांच्यातून. ताशी ३ किलोमीटर चाललो तरी त्याचेच तीन तास. पाण्यावर नवख्यांची भरलेली कनू ताशी ४ किलोमीटर गेली तरी खूप म्हणायचं, कारण ती सरळ जातच नाही. मागे बसणाऱ्याला जे-स्ट्रोक, म्हणजे फटक्याच्या शेवटी वल्हं बाहेर वळवून कनू सरळ ठेवणं, जमत नसेल तर ११ किलोमीटरचं नागमोडी अंतर किती होतं ते कोणी मोजत नाही. वर प्रत्येक पोर्टेजला सामान उतरवण्या-भरण्याचा अर्धा तास. हा सगळा हिशोब वारा नसताना आठ तासांच्या पुढे जातो. चार तास ते कुठून काढले देव जाणे.

दुपारी आम्ही मोठ्या तलावाच्या काठाशी पोचलो तेव्हा वारा उठला होता. पुढची कनू केव्हाच पार होऊन दिसेनाशी झाली होती. समोरचं पाणी पाहून भाचा म्हणाला, "मामी, काही नाहीये, सपाट आहे." सपाट असणारच. वारा आमच्या पाठीमागच्या झाडांवरून येत होता, आम्ही आडोशाला होतो. लाट फक्त वाऱ्याच्या जोरावर वाढत नाही, वाऱ्याला मोकळं पाणी किती लांब मिळतं त्यावरही वाढते. त्यामुळे या काठावरून पाणी निवांत दिसतं आणि खऱ्या लाटा पलीकडच्या अर्ध्यात भेटतात, जिथून वाऱ्यावर मागे वळणं जड कनूला जमत नाही. आमच्या कनूची कड आधीच पाण्याच्या जेमतेम वर होती. बर्फ वितळून फार दिवस झाले नव्हते.

थंड पाण्याबद्दल एक हिशोब पाठ करून ठेवा. थंडीचा शरीरावरचा परिणाम अभ्यासणारे कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्त यांनी तो १-१०-१ असा मांडलाय. गार पाण्यात पडल्यावर पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणण्याचं, पुढची १० मिनिटं हातपाय कामाचे असतात तेवढी, आणि शुद्ध हरपायला साधारण १ तास. पण तो तास लाइफ जॅकेट अंगात असणाऱ्याला मिळतो. बाकीचे थंडीने जायच्या आधी बुडतात, कारण बोटं मिटत नाहीत आणि हात उचलत नाही. तिथे तुम्हाला पोहता येतं की नाही याला काही अर्थ उरत नाही. जॅकेट कनूत ठेवलेलं चालणार नाही, अंगात हवं, बकल लावून. यावर मी कोणाशीही चर्चा करत नाही.

जाऊबाई आमच्या कनूत पुढे बसल्या होत्या. त्यांनी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं आणि म्हणाल्या, "मी जाणार नाही. भूक लागली की येतील."

आम्ही काठावर ताडपत्री बांधली, चूल मांडली. तिसरी कनू आमच्यापाशीच थांबली, भांडी कुठे आहेत ते त्यांना दिसत होतं. संध्याकाळी वारा पडला आणि उजेड असतानाच पुढची कनू परत आली. तंबू पलीकडे उभारलेले, माणसं अलीकडे. भाऊजी काही बोलले नाहीत, ताटली पुढे केली. त्या रात्री सहाही जण ताडपत्रीखाली झोपलो. सकाळी ते दोघे जाऊन तंबू घेऊन आले आणि आम्ही आलो त्याच वाटेने निघालो.

वर्तुळ पूर्ण झालं नाही. तेव्हापासून चार माणसं जमली की भाऊजी म्हणतात, "वहिनींनी थोडी हिंमत केली असती तर..." भाऊजी, हे उत्तर तुम्ही वाचाल हे मला माहीत आहे. तुमच्या घड्याळात पाण्यावरचा ताशी ६ किलोमीटर वेग नोंदलाय तो खरा आहे, मान्य. तुमच्या कनूत काय होतं तेही सांगा: दोन तंबू, झोपायच्या पिशव्या आणि नकाशा. हिंमतीचा इथे संबंध नव्हता, ओझ्याचा होता.

तर तुमच्यासाठी. सगळ्यात हळू कनू सगळ्यात पुढे. तिच्या वेगाने बाकीचे, शिट्टी ऐकू येईल इतक्या अंतरात. तगडी माणसं वेगवेगळ्या कनूत वाटून टाका. तुमचे दोघे अनुभवी एका कनूत बसले की उरलेल्या दोन कनूंची ट्रिप संपली म्हणून समजा. ते मागे बसून दिशा सांभाळतील, नवखे पुढे बसून जोर लावतील आणि दगड दिसला की ओरडतील. प्रत्येक कनूत स्वतःचा नकाशा आणि कंपास, एका वेळचं जेवण, आडोसा, लायटर आणि औषधांची पिशवी. सगळे तंबू एका कनूत आणि सगळं अन्न दुसऱ्या कनूत, असं कधीच नाही. आणि नवरा-बायकोला एका कनूत बसवू नका. पाण्यावर "डावीकडे म्हटलं ना" हे वाक्य परक्या माणसाकडून सहज ऐकून घेता येतं.

गोल मार्गाबद्दल. अर्ध्यावर पोचल्यावर परत फिरणं आणि पुढे जाणं सारखंच लांब होतं, मग माणसं वाऱ्यातही पुढे जातात. गेलो तसं परत यायचं असेल तर कुठल्याही क्षणी वळता येतं, पोर्टेज ओळखीचे असतात आणि मधला न हलण्याचा दिवस वाऱ्यासाठी राखीव राहतो. "तेच तलाव पुन्हा काय बघायचे" असं म्हणणाऱ्याने जाताना काही पाहिलेलं नसतं. सकाळी सहाला पाण्यावर असा, दुपारी मुक्काम गाठा. गडगडाट ऐकू आला की काठाला लागा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात उतरू नका.

सामानाची यादी मागितली आहे, ती मी देत नाही, शेकडो मिळतील. एवढंच बघा की खांद्याला अडकवता येणार नाही अशी एकही वस्तू नको. हातात धरायच्या बारक्यासारक्या गोष्टीच पोर्टेजला जास्तीची फेरी करायला लावतात. बूट दोन जोड, एक ओलाच राहणार हे गृहीत धरून. पैसे खर्च करायचेच तर कनूवर करा: १७ फुटी ॲल्युमिनियमची कनू ३२ ते ३४ किलो भरते, केव्हलार या हलक्या, चिवट कृत्रिम धाग्याची १९-२० किलो, आणि हा फरक दुसऱ्या पोर्टेजला मानेला कळतो. फक्त केव्हलारची कनू काठावर घासत आणायची नाही. गुडघाभर पाण्यात उतरायचं, सामान तिथेच काढायचं आणि मग कनू उचलायची.

परवान्याचं आधी बघा, जागा संपतात. अमेरिकेत मिनेसोटातल्या बाउंडरी वॉटर्स या तलावांच्या जंगलात एका गटात ९ माणसं आणि ४ कनू ही कमाल मर्यादा आहे, कॅनडात ऑन्टारिओतल्या अल्गॉनक्विन उद्यानात एका मुक्कामाच्या जागेवर ९ माणसं. दोन्हीकडे पत्र्याच्या सीलबंद डब्यांतलं आणि काचेच्या बाटल्यांमधलं खाणं-पिणं जंगलात नेता येत नाही. तुम्ही सहा आहात, गटाची अडचण नाही. बाउंडरी वॉटर्सच्या नकाशांवर पोर्टेज रॉडमध्ये लिहितात, १ रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण ५ मीटर. नकाशावर १८० दिसलं आणि मीटर समजलात तर ९०० मीटर चालाल, आणि वरच्या हिशोबाने पावणेतीन किलोमीटर.

अस्वलांचा मुलूख असेल तर अन्न रात्री तंबूत नको, ते अस्वलाला उघडता न येणाऱ्या डब्यात किंवा झाडाला उंच टांगून. पाणी खळखळ उकळी आल्यावर १ मिनिट, २००० मीटरच्या वर असाल तर ३ मिनिटं. शौचाला पाण्यापासून ६० मीटर तरी लांब. परत कधी येणार आणि किती वाजेपर्यंत आला नाहीत तर शोध सुरू करायचा, हे घरी एका माणसाकडे लिहून ठेवा.

मार्गात पोर्टेज जवळजवळ नसतील आणि तलाव लहान, आडोशाचे असतील तर गोल मार्गही चालेल, ५० मात्र नाही, ३० करा. आणि हे सगळं साठलेल्या पाण्याबद्दल आहे, ते आधीच सांगायला हवं होतं. वाटेत नदी असेल तर पातळी पावसाने रातोरात बदलते, परत उलट वल्हवत येता येत नाही आणि रॅपिडच्या, म्हणजे खडकांतून उसळत्या पाण्याच्या, आधी काठ धरायला हात सरावलेला लागतो. तिथे तीन कनूंना मागे बसणारे तीन सवयीचे हवेत. तुमच्याकडे दोन आहेत. तिसरा शोधा, नाहीतर तलावच घ्या.