कडाक्याच्या थंडीत रात्रीचे नाटक एकटीने पाहायला जावे का?

आपण विचारले आहे की, नोकरीनिमित्त जळगावला नव्याने आलेल्या आणि शहरात कुणाची फारशी ओळख नसलेल्या स्त्रीने डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत रात्री साडेनऊचा प्रयोग पाहायला एकटीने जावे, की सोबत मिळेपर्यंत आणि हवा सुधारेपर्यंत थांबावे. माझे उत्तर असे की अवश्य जावे, आणि थांबण्याचा विचार मनातून काढून टाकावा. मी भुसावळला राहते. गेली अकरा वर्षे प्रत्येक हिवाळ्यात निदान तीन-चार वेळा मी संध्याकाळच्या गाडीने जळगावला येते, एकटीच नाटक पाहते आणि मध्यरात्रीनंतर मिळेल त्या गाडीने परत जाते. पहिल्या खेपेला माझ्याही मनात आपल्यासारखीच भीती होती, म्हणून हे थोडे सविस्तर लिहीत आहे.

हवा सुधारण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही, कारण आपल्याकडे थंडी हाच नाटकाचा हंगाम आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा 45 अंशांच्या आसपास गेला की रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात आणि चार भिंतींच्या आत तीन तास बसण्याची कुणाची तयारी नसते. पावसाळ्यात सगळ्यांचा जीव शेतीत गुंतलेला असतो. ज्वारी-बाजरी खळ्यातून घरात आली की मग खानदेशातला माणूस रात्र जागवायला मोकळा होतो. सारंगखेड्याची दत्तजयंतीला सुरू होणारी यात्रा घोड्यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. लहानपणी आजोबांबरोबर मी तिथे गेले होते. उघड्या माळावर डोक्यावरून गोधडी घेऊन बसलेली माणसे रात्रभर तमाशा पाहत होती आणि थंडी आहे म्हणून मधूनच उठून गेलेला एकही माणूस मला आठवत नाही. राज्य नाट्य स्पर्धेची हौशी मराठी नाटकांची प्राथमिक फेरीदेखील साधारणतः नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच होते. हे महिने सोडले, तर आपल्या वाट्याला फार थोडी नाटके उरतील.

आता थंडीविषयी. बाहेरून आलेल्या माणसाला इथली थंडी फसवते, आणि ती कशी फसवते हे समजून घेतले की अर्धी अडचण संपते. आपली हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असते. दिवसभर तापलेली जमीन सूर्य मावळला की आपली उष्णता झपाट्याने सोडून देते आणि त्यात उत्तरेकडून गार वारे येऊ लागतात. त्यामुळे दुपारी अंगातला स्वेटर नकोसा वाटतो आणि त्याच दिवशी पहाटे पारा दहाच्या खाली उतरलेला असतो. रावेर-यावलकडचे केळीबागायतदार अशा रात्री बागेला पाणी देतात आणि बांधावर कचरा पेटवून धूर करतात, कारण ही थंडी केळीलाही सोसत नाही. नाटकाला जाणारा प्रेक्षक मात्र संध्याकाळी सातच्या हवेचा अंदाज घेऊन कपडे करतो आणि रात्री साडेबाराच्या हवेत बाहेर पडतो. कपडे जाण्याच्या वेळेचे नव्हे, परतीच्या वेळेचे करावेत.

पहिल्या खेपेची गोष्ट सांगते. हौशी स्पर्धेतला सातचा प्रयोग होता. माझ्याबरोबर येणार असलेल्या मैत्रिणीने दुपारी चार वाजता निरोप पाठवला की एवढ्या थंडीत तिला घरून सोडणार नाहीत. तिकीट अगदी थोड्या पैशांचे होते, त्यामुळे न जाण्याने काही बिघडणार नव्हते. तरीही मी गेले, कारण त्या वर्षी मी पाहायचे ठरवलेले प्रत्येक नाटक कुणाच्या ना कुणाच्या सोयीसाठी राहून गेले होते. स्थानकाबाहेर रिक्षावाले काका अमळनेरकडचे निघाले. मी कुठे जायचे ते सांगताच त्यांनी मागे वळून अहिराणीत विचारले, “ताई, येवढा हिवमा नाटक देखाले?” त्यांच्या स्वरात कुठेही टोमणा नव्हता, निव्वळ काळजी होती. उतरताना त्यांनी आपण होऊन आपला नंबर दिला आणि नाटक सुटले की फोन करा, असे सांगितले.

प्रेक्षागृहात जेमतेम चाळीस माणसे होती आणि तीही विखुरलेली, कुणी या कोपऱ्यात तर कुणी त्या. मी अंग चोरून मागच्या बाजूला, दाराजवळच्या खुर्चीवर बसले. एकट्याने आलेला माणूस सहसा असेच करतो आणि ती माझी चूक होती. दार उघडले की पाठीवर वारा येई आणि पायाखालच्या फरशीचा गारवा चपलेतून वर चढे. पहिल्या अंकाचा बराचसा भाग मी नाटकापेक्षा स्वतःच्या पावलांकडे लक्ष देण्यात घालवला. मध्यंतरात संयोजकांपैकी एक गृहस्थ आले आणि सर्वांनी पुढच्या चार रांगांत येऊन बसावे, अशी त्यांनी हात जोडून विनंती केली. आम्ही चाळीस अनोळखी माणसे उठून पुढे गेलो आणि खांद्याला खांदा लावून बसलो. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरातून साधारणतः 100 वॉट उष्णता बाहेर पडत असते. ती रिकाम्या खुर्च्यांमध्ये विखुरली तर कुणाच्याच उपयोगी पडत नाही, पण शेजारी शेजारी बसले की दहा-पंधरा मिनिटांत फरक कळू लागतो. माझ्या शेजारच्या आजींनी काही न विचारता आपल्या शालीचे एक टोक माझ्या गुडघ्यांवर टाकले. नाटक संपेपर्यंत आम्ही एकमेकींशी एक शब्दही बोललो नाही.

दुसऱ्या अंकात भर उन्हाळ्यातील दुपारचा प्रसंग होता. नायकाच्या अंगात विरलेली बंडी, हातात पंखा आणि तोंडी पाण्यासाठी चाललेली तगमग. आता मी तिसऱ्या रांगेत होते आणि त्या नटाच्या दंडावर थंडीने उभा राहिलेला काटा मला स्पष्ट दिसत होता. तो कपाळाचा घाम पुसत होता. घाम नव्हता, पण पुसणारी बोटे इतकी खरी होती की काही वेळाने मला त्या काट्याचा विसर पडला आणि माझाच घसा कोरडा झाला. बाहेर लोक शेकोट्या पेटवून बसलेले असताना त्या माणसाने आम्हा चाळीस जणांसाठी वैशाख उभा केला. सोबत कुणी असते तर मी त्याच क्षणी तिच्या कानाशी लागून “अगं, काटा बघ” असे कुजबुजले असते आणि तो प्रसंग तिथेच तुटला असता. एकटीने नाटक पाहण्याचा खरा लाभ मला त्या दिवशी कळला. पाहिलेले लगेच कुणाला सांगावे लागत नाही, त्यामुळे ते आत उतरायला पुरेसा वेळ मिळतो.

म्हणून आपल्याला माझे पहिले सांगणे जागेविषयी आहे. महाबळ भागातील छत्रपती संभाजीराजे नाट्यगृहात व्यावसायिक नाटकांचे दौरे येतात. तिथे किंवा अन्यत्र कुठेही प्लॅनवरून खुर्ची निवडता येत असेल, तर दारापासून दूर, मधली खुर्ची मागावी. बालगंधर्व खुल्या नाट्यगृहातील कार्यक्रमाला जाणार असाल, तर वर छप्पर नसते हे ध्यानात ठेवून कानटोपी आणि जाड शाल न्यावी आणि खुर्चीवर घडी करून ठेवायला एक चादर घ्यावी. खालून येणारा गारवा अंगावर घेतलेल्या कपड्यांनी थांबत नाही. बंद नाट्यगृहात मात्र तिसरी घंटा झाली की कानटोपी काढून ठेवावी. कान झाकलेले असले तर हळू आवाजातील वाक्ये निसटतात, आणि आपल्या डोक्यावरचा गोंडा मागच्या माणसाच्या डोळ्यांपुढे येतो तो वेगळाच. पायांत चप्पल नको, मोजे आणि बूट असावेत. दुचाकीने जाणार असाल तर जॅकेटच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवावी. रात्री गाडी चालवणाऱ्या माणसांची ही जुनी युक्ती आहे आणि ती खरोखर उपयोगी पडते.

खोकल्याची काळजी जाण्यापूर्वीच घ्यावी. कोरड्या हवेत घसा खवखवतो आणि नेमका शांत प्रसंगातच खोकला येतो. लवंग किंवा ज्येष्ठमधाची काडी रुमालात बांधून न्यावी. वेष्टनातल्या गोळ्या मुळीच नेऊ नयेत, कारण त्या कागदाचा आवाज खोकल्यापेक्षा अधिक बोचतो. जेवण हलके आणि लवकर करावे. या दिवसांत घरोघरी वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी असते, त्यामुळे मोह होणारच, परंतु ते पोटभर खाऊन उबदार शालीत बसलात तर पहिल्या अंकातच डोळे मिटू लागतील. मध्यंतरातील चहा मात्र चुकवू नये. त्या दहा मिनिटांत कपभर चहाभोवती जी माणसे उभी राहतात, त्यांच्याकडूनच मला पुढच्या प्रयोगांच्या बातम्या मिळत आल्या आहेत. आपण शहरात नव्या आहात, तेव्हा आपल्याला त्या ओळखींचा माझ्यापेक्षा अधिक उपयोग होईल.

परतीविषयी स्पष्टच सांगते, कारण आपल्या प्रश्नातली मुख्य भीती मला तीच वाटते. परतीची रिक्षा जातानाच ठरवावी. प्रयोग सुटण्याची वेळ नाट्यगृहाच्या खिडकीवर विचारून घ्यावी, दौऱ्यावरच्या मंडळींची बस उशिरा पोहोचली तर प्रयोगही उशिरा सुरू होतो हे गृहीत धरावे आणि घरमालकांना किंवा एखाद्या सहकारी स्त्रीला परतण्याची अंदाजे वेळ सांगून ठेवावी. पडदा पडल्यावर रेंगाळू नये. गर्दीबरोबरच बाहेर यावे आणि उजेडात, फाटकाच्या आत उभे राहून रिक्षाची वाट पाहावी. माझ्यासारखे आपल्याला गाडीने गाव गाठायचे नाही, ही मोठी सोय आहे. या दिवसांत उत्तरेकडे धुके असते, तिकडून उशिरा आलेलेच डबे पुढे परतीच्या गाडीला लागतात आणि मुंबईकडून येणारी गाडीसुद्धा वेळेवर येईल याची खात्री राहत नाही. फलाटावर दीड-दीड तास काढण्याचे प्रसंग माझ्यावर आले आहेत. अशा वेळी मी बायकांच्या प्रतीक्षालयात बसते आणि पाहिलेले नाटक पहिल्या प्रवेशापासून मनात पुन्हा लावते. त्या दीड तासाचा मला अजून एकदाही कंटाळा आलेला नाही.

येत्या आठवड्यात प्रयोग असेल तर तिकीट आजच काढावे. थंडी वाढली म्हणून अनेक जण ऐनवेळी बेत रद्द करतील, आणि अशा रात्री रंगमंचावरच्या माणसांना समोरचा एकेक चेहरा मोलाचा असतो. आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. शेवटी टाळ्या वाजवण्यापूर्वी हातमोजे काढावेत. लोकरीच्या हातमोज्यांतील टाळीचा आवाज रंगमंचापर्यंत पोहोचत नाही.