फिस्टुलाची नस तयार होत नाही, प्रकाश-उपचार करावा का?

प्रश्न : माझ्या वडिलांचं वय ६२, मधुमेह आहे. डाव्या मनगटाजवळ फिस्टुला (डायलिसिससाठी धमनी आणि नस यांचा जोड) करून दोन महिने झाले, पण नस हवी तशी मोठी झालेली नाही, म्हणून डायलिसिस अजून मानेतल्या कॅथेटरवरूनच (नळीवरूनच) चालू आहे. प्रकाशाच्या उपचाराने फिस्टुला सुधारतो असं ऐकलं. तो करून घ्यावा का? घरी फिजिओथेरपीचा लाल दिवा आहे, तो चालेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : लाल दिवा अजिबात वापरू नका. त्याची उष्णता मुख्यतः कातडीवर पडते, आणि मधुमेहात हाताची संवेदना कमी झालेली असली तर भाजलेलं कळतही नाही.

प्रकाशाचा विचार करण्याआधी डॉपलर सोनोग्राफी, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करून घ्या. फिस्टुलाला सहा आठवडे झाले की नसेची रुंदी निदान ६ मिमी, कातडीखाली खोली ६ मिमीपेक्षा कमी आणि रक्तप्रवाह मिनिटाला सुमारे ६०० मिली असावा, असा साधा हिशेब आहे. दोन महिन्यांनीही नस बारीक असेल तर बहुतेक वेळा कारण यांत्रिक असतं: जोडाच्या लगेच पुढे नस अरुंद झालेली असते, किंवा मधली एखादी फांदी रक्त पळवते. अरुंद भाग फुग्याने रुंद करता येतो, फांदी बांधता येते. ही कामं कुठलाही प्रकाश करत नाही, म्हणून त्याची वाट पाहण्यात महिने घालवू नयेत. कॅथेटर जितके जास्त दिवस राहील तितका जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

घरी दोन गोष्टी तपासता येतात. जोडापासून चार बोटं वर नस क्षणभर दाबा. खालचा ठोका जोरदार झाला पाहिजे. तो मंदच राहिला तर आत येणारं रक्तच कमी आहे. दाबूनही बोटांना जाणवणारी रक्तप्रवाहाची थरथर चालूच राहिली तर मध्ये फांदी आहे. मग हात डोक्यावर उचला. नस सैल पडायला हवी. टम्मच राहिली तर पुढे, खांद्याच्या बाजूला अडथळा असतो. जे आढळेल ते लिहून डॉक्टरांना दाखवा.

आता प्रकाशाचं. ‘प्रकाश-उपचार’ या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली दूर-अवरक्त किरणांची. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. तैवानमध्ये डायलिसिस चालू असतानाच यंत्र फिस्टुलापासून साधारण २५ सेंमी वर धरून, ४० मिनिटं, आठवड्यातून तीनदा देतात. तिथल्या २०१३ मधल्या एका चाचणीत नवा फिस्टुला केलेले १२२ रुग्ण होते. वर्षभरात किरण घेतलेल्यांपैकी ८२ टक्क्यांचे, तर न घेतलेल्यांपैकी ६० टक्क्यांचे फिस्टुले वापरण्याजोगे झाले. निकाल आशादायक आहे. पण चाचणी लहान होती, आणि तुमच्या वडिलांच्या नसेत अडथळा असेल तर हे आकडे त्यांना लागू होतीलच असं नाही.

दुसरी खऱ्या अर्थाने प्रकाशाने सक्रिय होणारी. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीची अल्यूसेंट बायोमेडिकल ही कंपनी ती विकसित करते. रक्तवाहिनीच्या भिंतीत औषध मुरवून त्यावर ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश टाकतात. त्याने भिंतीतली कोलॅजन व इलास्टिन ही प्रथिनं एकमेकांना जोडली जातात आणि धातूचा स्टेंट (जाळीची नळी) न बसवताही वाहिनी रुंद राहावी, असा उद्देश आहे. हे रुग्णांवरच्या चाचण्यांतलं तंत्र आहे. आज कोणी इथे पैसे घेऊन ‘तेच’ देतो म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका.

तोवर जखम भरल्यावर डॉक्टरांच्या परवानगीने मऊ चेंडू दाबण्याचा व्यायाम, दिवसातून अनेकदा थोडा थोडा. त्या हातावर रक्तदाब मोजणं, रक्त काढणं, सलाईन, घट्ट घड्याळ, उशीखाली हात ठेवून झोपणं बंद. डायलिसिसनंतर रक्तदाब फार उतरत असेल तर तेही सांगा, त्याने फिस्टुला गोठतो.

थरथर रोज सकाळ-संध्याकाळ बोटांनी पाहा. ती थांबली तर पुढच्या डायलिसिसची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. गुठळी ताजी असताना फिस्टुला वाचवता येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.