वाचक विचारतात : यानाचा धूर वर का जातो?

प्रश्न : ‘फ्लॅश गॉर्डन्स ट्रिप टू मार्स’ (१९३८) आणि ‘बक रॉजर्स’ (१९३९) या भागमालिका (चित्रपटगृहात दर आठवड्याला एक भाग दाखवत, तशा) लागोपाठ पाहिल्या. दोन्हींत नायक बस्टर क्रॅब आणि दिग्दर्शकांत फोर्ड बीब. हा गृहस्थ विज्ञानपटांकडे वळला कसा? आणि यानाचा धूर मागे न जाता वर का जातो?

उत्तर : वळला असं नाही, काम समोर आलं. बीब (१८८८–१९७८) मूळचा पटकथालेखक. १९३२ मध्ये जॉन वेनला घेऊन त्याने ‘द शॅडो ऑफ द ईगल’ ही सर्कशीत घडणारी १२ भागांची मालिका केली होती. मंगळ असो की सर्कस, हिशेब तोच : एक भाग म्हणजे दोन रिळं, साधारण २० मिनिटं, शेवटी नायक टांगणीला. ‘ट्रिप टू मार्स’चे १५ भाग, म्हणजे जवळपास पाच तासांचा ऐवज! म्हणून नामावलीत दिग्दर्शकही दोन : बीबच्या जोडीला तिथे रॉबर्ट हिल, ‘बक रॉजर्स’ला सॉल गुडकाइंड.

बीबचं खरं कसब काटकसरीत. १९४० च्या तिसऱ्या ‘फ्लॅश गॉर्डन’मधली बर्फाची बरीच दृश्यं १९२९ च्या एका जर्मन गिर्यारोहणपटातली आहेत. दूरचे शॉट तिथले, चेहरे दिसतील असे नवे.

मंगळावरची मातीची माणसं भिंतीतून निघतात, तो मला त्याच्या मालिकांतला सर्वांत देखणा प्रकार वाटतो. युक्ती साधी : आधी नुसती भिंत, मग तिला टेकून उभा नट, आणि एक चित्र दुसऱ्यात विरघळवायचं. कॅमेरा केसभर जरी हलला, तरी भिंतच उडी मारते.

आता धूर. यान म्हणजे तारांना टांगलेली छोटी प्रतिकृती. ती पुढे सरकते अगदी सावकाश; गरम धूर तेवढ्यात वर चढतो. समोरून पंखा लावला तर धूर मागे जाईल, पण यानही तारेवर डोलू लागेल. जास्त वेगाने चित्रण करून नेहमीच्या वेगाने दाखवल्यास हालचाल संथ, म्हणून वजनदार दिसते : १/१६ मापाच्या प्रतिकृतीला सेकंदाला २४ ऐवजी ९६ चौकटी लागतात. धुराची दिशा मात्र त्याने बदलत नाही, आणि फिल्म चौपट जळते.