‘थोडीशी घेतली तर चालते का?’

मोहफुलांचा हंगाम सरत आला की या सदराकडे येणारे प्रश्न बदलतात. एरवी रक्तवाढीच्या गोळ्यांनी मळमळतं, पाय सुजतात, असं विचारतात. या वेळी मात्र बहुतेक प्रश्न दारूचे आहेत.

माह्या सुनेले सहावा महिना लागला. रोजी करून आली का रात्री अर्धा गिलास मोहाची घेते, अंग दुखते म्हणते. मी बी माह्या वक्ताले घेत होती, तिन्ही पोट्टे धडधाकट आहेत. थोडीशी चालते का?
— एक सासूबाई, गोंदिया जिल्हा

मावशी, नाही. थोडीशीही नाही.

सुनेच्या रक्तात उतरलेली दारू नाळेतून सरळ बाळाच्या रक्तात जाते. तिचं यकृत त्या दारूचा हळूहळू निचरा करतं, बाळाचं यकृत अजून तयारच व्हायचं असतं. शिवाय बाळ ज्या पाण्यात असतं त्यात दारू साचून राहते आणि तेच पाणी ते पुन्हा पुन्हा गिळतं. आई शुद्धीवर आली तरी लेकरू अजून त्यातच असतं.

तुमची तिन्ही मुलं चांगली निघाली, याचा मला आनंद आहे. किती दारू, कोणत्या महिन्यात, आईच्या पोटात अन्न किती, यावर बरंच ठरतं आणि प्रत्येक गर्भ वेगळा असतो. धूळपेरणी एखाद्या वर्षी साधते, तेवढ्यावर कोणी दरवर्षी बी मातीत घालत नाही. त्यात घरच्या दारूचं माप नसतं. पहिल्या धारेची आणि शेवटच्या धारेची एकसारखी नसते, त्यामुळे ‘अर्धा गिलास’ म्हणजे नेमकं किती, हे तुम्हालाही सांगता येणार नाही.

देवाला लागते ती देवाला वाहा, सुनेच्या ओठाला नको. अंगदुखीवर आधी ओझं उचलणं कमी करा आणि उपकेंद्रातून कॅल्शियमच्या गोळ्या आणा. वाळलेली मोहफुलं भाजून किंवा लाडू करून खायला हरकत नाही. आंबवल्याशिवाय त्यांची दारू होत नाही.

एक मात्र जपा. ती रोज भरपूर पीत असेल आणि सोडल्यावर हात थरथरू लागले, घाम सुटला, तर घरी थांबू नका. झटका येऊ शकतो. ग्रामीण रुग्णालयात न्या, गाडीसाठी १०८ लावा.

भावाच्या लग्नात दोनदा बिअर घेतली. दीड महिना झाल्याचं तेव्हा माहीतच नव्हतं. गर्भ पाडावा का?
— यवतमाळ जिल्हा

तेवढ्या कारणासाठी पाडायची गरज नाही. आजपासून पूर्ण बंद करा आणि डॉक्टरांना खरं सांगा. बाळाचा मेंदू नऊही महिने घडत असतो, त्यामुळे केव्हाही सोडली तरी फायदा होतो. सोनोग्राफीत वाढ आणि अवयव दिसतात, मेंदूवरचा असा परिणाम बहुधा दिसत नाही. म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल’ आला की पुन्हा सुरू, असं नको. ‘बिअर म्हणजे दारू नव्हे’ हा समज मात्र काढून टाका. आठ टक्क्यांच्या ‘स्ट्राँग’ बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत सुमारे ४० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं.

माझ्या अंगणवाडीतून शाळेत गेलेला एक मुलगा सात वर्षांचा आहे. अंगाने बारीक, एका जागी बसत नाही, काल शिकवलेलं आज विसरतो. त्याची आई तेव्हा प्यायची. तिला सांगू का, की हे तुझ्यामुळे झालं?
— अंगणवाडी सेविका, गडचिरोली जिल्हा

ताई, असं सांगू नका.

तुमची शंका निराधार नाही. फ्रान्समधल्या नांत शहरात पॉल लमॉइन यांनी १९६८ मध्ये अशा १२७ मुलांची नोंद केली. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या सिॲटलच्या डॉक्टरांनी या आजाराला ‘फीटल अल्कोहोल सिंड्रोम’, म्हणजे पोटात असताना दारूने बाळाला होणारा आजार, असं नाव दिलं. बारीक डोळे, पातळ वरचा ओठ, नाक आणि ओठांमधली खाच सपाट, डोकं लहान, वाढ खुंटलेली, ही त्याची खूण. पण बऱ्याच मुलांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही. विसरणं, हिशेब न जमणं, चटकन चिडणं एवढंच दिसतं आणि लोक त्याला ‘मस्तीखोर’ म्हणतात.

पण हेच सगळं कमी ऐकू येण्याने, रक्तक्षयाने, कुपोषणानेही होऊ शकतं. आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे. आधी हे तपासू द्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, त्यांना मुलगा दाखवा. तिथून जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. दारूने झालेली इजा औषधाने पुसली जात नाही, पण शिकवण्याची पद्धत बदलली की मूल पुढे जातं. एका वेळी एकच सूचना, रोज तोच क्रम, शब्दांच्या जोडीला चित्र किंवा वस्तू. गुरुजींना हे समजावणं आईला समजावण्यापेक्षा कठीण जाईल, असा माझा अनुभव आहे.

आईला दोष देऊ नका म्हणते, त्याला कारण आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका गरोदर बाईला सगळ्यांसमोर विचारलं, ‘पितेस का गं?’ ती ‘नाही’ म्हणाली आणि पुन्हा तपासणीला आलीच नाही. घरीच बाळंत झाली. तुमच्या जिल्ह्यात तर १९९३ पासून दारूबंदी आहे. बाईला लोकांच्या जोडीला कायद्याचीही धास्ती. आता मी एकटीत विचारते, तेही असं: ‘घरी मोहाची असते का? तुम्ही कधी घेता?’ मग उत्तरं खरी येतात. या आईला पुढचं मूल होणार असेल, तर तिने तुमच्याकडे यायला हवं, तुम्हाला टाळून जायला नको.

पितो मी, बायको थेंबही घेत नाही. मग माझ्या दारूने बाळाला काय होणार?
— वर्धा जिल्हा

वर सांगितलेला आजार आईच्या रक्तातल्या दारूने होतो, तुमच्या नव्हे. पण दारूने पुरुषाच्या शुक्रजंतूंवरही परिणाम होतो. आणि बायकोचं दूध, अंडी, दवाखान्याचं भाडं ज्या पैशातून यायचं, तो कुठे जातो हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तिच्यावर हात उचलत असाल, तर त्याचा मार बाळालाही बसतो. सोडायची असेल तर १४४१६ वर फोन करा. ती सरकारची मोफत सेवा आहे, मराठीतही बोलता येतं.

बाळंतिणीला दशमूलारिष्ट आणि थंडीत बाळाला ब्रँडीचे दोन थेंब देतात. चालेल?
— चंद्रपूर जिल्हा

अरिष्टात आंबवल्यामुळे तयार झालेलं अल्कोहोल असतं, बाटलीवर तसं छापलेलं असतं. गरोदरपणी नको. बाळंतपणानंतर डॉक्टरांना विचारूनच घ्या, कारण आईच्या रक्तातलं अल्कोहोल दुधातही उतरतं. बाळाला ब्रँडी अजिबात नको. थोड्याशा दारूनेही त्याच्या रक्तातली साखर उतरू शकते. थंडीसाठी टोपडं, मोजे आणि आईच्या छातीशी उघड्या अंगाने घट्ट धरणं, हेच करा.