वाचकांचे प्रश्न : वॉकर आडनाव आलं कुठून?

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात आयटीत आहे, तिचा क्लायंट इंग्लंडात लीड्सचा आणि त्याचं आडनाव वॉकर. आमच्या घरी रोज चेष्टा चालते की ह्याचे पूर्वज एकतर वारकरी असणार नाहीतर पोस्टमन. खरंच चालण्यावरून पडलंय का हे? आमच्याकडं तीन पिढ्या माग होता, आता नाही. दुसरं म्हणजे मुलगी त्याला गिफ्ट म्हणून 'वॉकर घराण्याचं राजचिन्ह' छापलेला मग मागवणार आहे, तो खरा असतो का?
– एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : चालण्यावरूनच पडलंय की, पण रस्त्यावर नाही, कापडावर! तुमच्या घरात माग होता म्हणताय, मग हा वॉकर तुमच्याच धंद्यातला निघाला बघा, फक्त विणकराचं काम संपलं की ह्याचं सुरू व्हायचं.

तिकडचं जुनं कापड म्हणजे लोकरीचं. मागावरून उतरलं की ते विरळ, खरखरीत आणि मेंढीच्या चरबीनं तेलकट असायचं, तसंच अंगावर घेतलं तर वारा आरपार. म्हणून ते हौदात टाकायचं, त्यात पाणी, मुलतानी मातीसारखी चरबी शोषणारी माती आणि शिळं मूत्र, हो मूत्रच, कारण ते शिळं झालं की त्यात अमोनिया तयार होतो आणि तो चरबी काढतो, आणि मग माणसं अनवाणी त्यात उतरून तासन्‌तास कापड तुडवत बसायची. वासाचं काय ते तुम्हीच इमॅजिन करा. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, ओल आणि दाब मिळाला की ते एकमेकांत अडकतात, कापड आटतं, जाड होतं, वीण दिसेनाशी होते. नंतर लाकडी चौकटीवर आकड्यांना ताणून वाळवायचं. सुताला असे खवले नसतात, त्यामुळं आपल्याकडं चादरीला हा प्रकारच नाही, उलट चादर आटली तर गिऱ्हाईक दुकानात भांडायला येतं.

हे तुडवणारे म्हणजे वॉकर. गंमत अशी की पाय लावायचं काम मशीननं लवकरच घेतलं. 1185 मध्ये टेम्पलर नावाच्या ख्रिस्ती पंथानं आपल्या इस्टेटींची पाहणी केली, तिच्यात पाण्याच्या चाकावर लाकडी हातोडे चालवून कापड कुटणाऱ्या गिरण्यांची नोंद आहे. आणि सामान्य माणसांची आडनावं तिकडं पक्की झाली ती साधारण 1200 ते 1400 च्या दरम्यान, म्हणजे बरेचसे पहिले वॉकर हे गिरणीवालेच असणार, हौदात पाय न घातलेले! पण धंद्याचं नाव तेच राहिलं.

एकाच कामाला तिकडं तीन नावं होती हे मला जास्त इंटरेस्टिंग वाटतं. दक्षिणेला आणि पूर्वेला फुलर, नैर्ऋत्येला डेव्हन-सॉमरसेट बाजूला टकर, आणि उत्तरेला वॉकर. डेव्हनमधल्या एक्झिटरला ह्या लोकांच्या पंचायतीची 15 व्या शतकातली इमारत अजून आहे, नाव टकर्स हॉल. तुमचा साहेब लीड्सचा म्हणजे उत्तरेतल्या यॉर्कशरचा, नकाशात बरोबर बसतो. त्या भागातल्या 1379 च्या डोईपट्टीच्या याद्या बऱ्याच शिल्लक आहेत, त्यात नावापुढं धंदा लिहिलेला सापडतो. वेब आणि वेबस्टर हे विणकर, लिस्टर म्हणजे डाइंगवाला, शर्मन म्हणजे कापडावरची लव कातरणारा. अख्खी पेठ आहे आडनावांत.

आता त्या गिफ्टच्या मगाचं. घेऊ नका, सरळ सांगतो. इंग्लंडात असं राजचिन्ह, म्हणजे ढालीवरचं कोट ऑफ आर्म्स, आडनावाला मिळत नाही, एका माणसाला मिळतं आणि पुढं त्याच्या वंशात चालतं, हे बघणारं कॉलेज ऑफ आर्म्स 1484 पासून लंडनमध्ये आहे. कुठल्यातरी एका वॉकरला मिळालेलं चिन्ह उचलून दुकानवाले सगळ्या वॉकरांना विकतात. आणि वॉकर काही एक घराणं नव्हेच, जिथं जिथं कापड तुडवलं जायचं तिथं तिथं वेगळा वॉकर तयार झाला, दोन वॉकर भेटले म्हणून भाऊबंद होत नाहीत.

त्या साहेबाला खरंच मूळ शोधायचं असेल तर मुलीला म्हणावं, आधी त्याच्या पणजोबाचं गाव विचार. 1837 पासून सरकारी जन्म-मृत्यू नोंदी आहेत, 1841 पासूनच्या जनगणनेत घरातल्या माणसांची नावं आहेत, आणि त्याच्या मागं जायचं तर चर्चच्या वह्या, त्या ठेवायचा हुकूम 1538 मध्ये निघाला होता. पण वह्या गावोगावच्या चर्चच्या वेगवेगळ्या, आणि वॉकर तर इंग्लंडभर पैशाला पासरी, त्यामुळं गाव कळल्याशिवाय त्यात हात घालण्यात अर्थ नाही.